गॅसला घाबरणारा माणूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘कॅम्पर व्हॅनमध्ये चूल कुठली?’ या माझ्या लेखात मी आमच्या राहण्या-झोपण्याच्या गाडीतली गॅसची शेगडी काढून सौर पॅनेलने भरणाऱ्या बॅटरीवर चालणारं इंडक्शन का बसवलं ते लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, त्यामुळे ‘तुम्ही’ एवढंच म्हणतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, लिटरभर पाणी उकळायला ९० वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट) लागतात हा माझा आकडा चुकीचा आहे आणि मी ‘शाळेत परत जावं’. दोन, एक किलो गॅसमध्ये माझ्या बॅटरीसारख्या चार बॅटऱ्यांएवढी ऊर्जा असते, हे मी लपवलं. तीन, सलग ढगाळ दिवस आले की माझं इंडक्शन म्हणजे नुसती काचेची पाटी. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘गॅसला घाबरणाऱ्यांनी व्हॅनच्या भानगडीत पडू नये, घरी बसावं.’

पहिला मुद्दा मान्य. २० अंशांचं लिटरभर पाणी १०० अंशांवर न्यायला ९३ वॉट-तास लागतात, पण ती झाली पाण्यात शिरणारी उष्णता. इंडक्शनवर साधारण १५ टक्के वाया जाते, इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची वीज घरच्यासारख्या विजेत बदलणारं यंत्र) आणखी दहाएक टक्के. म्हणजे बॅटरीतून प्रत्यक्षात १२० वॉट-तासांच्या आसपास निघतात, १२ व्होल्टच्या बॅटरीतून साडेनऊ-दहा एएच (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता मोजायचं माप). मी पाण्याचा आकडा बॅटरीच्या नावावर खपवला, हे खरं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. पण हीच गोष्ट एका ओळीत सांगता आली असती, त्यासाठी माझी शाळा काढायचं काही कारण नव्हतं. इतकी वर्षं लिहितोय, चुका दाखवणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या बहुतेकांना तरी हाताला धरून चूक दाखवता येत होती.

आता ते शेवटचं वाक्य. ते मी दोन दिवस डोक्यातून काढू शकलो नाही.

माझे वडील शेगड्या दुरुस्त करायचे. तोच त्यांचा धंदा, त्यावरच आमचं घर चाललं. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्यासोबत जात असे. साबणाच्या पाण्याची वाटी आणि जुना दाढीचा ब्रश सांभाळणं हे माझं काम. जोड बसवून झाला की ते नुसता हात पुढे करायचे, मी ब्रश द्यायचो. फेस लावून ते गप्प बसून राहायचे. आम्ही दोघं त्या फेसाकडे बघत असू. बुडबुडा फुगला तर पाना परत हातात. ज्योत निळी आहे की पिवळी हे मला अक्षरं नीट वाचता यायच्या आधी कळत होतं. पिवळी म्हणजे गॅसला हवा कमी पडतेय, नीट जळत नाहीय, भांड्याला काजळी धरणार आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठायला सुरुवात होणार. अशा घरात वाढलेल्या माणसाला तुम्ही गॅसला घाबरतो म्हणता. हो, घाबरतो. वडीलही घाबरायचे. म्हणूनच चाळीस वर्षं तो धंदा करून त्यांच्या हातून एकही घर जळलं नाही.

आणि घरी बसण्याबद्दल बोलायचं तर पहिल्या व्हॅनमध्ये आम्ही चार वर्षं गॅसवरच स्वयंपाक केला. सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात, कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, रेग्युलेटर नवा, नळीवरची तारीख तपासलेली. जोड मी स्वतः बसवले आणि फेस लावून बघितले. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं सगळं केलं होतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही जवळपास दोन महिने खराब रस्त्यांवर होतो. एका सकाळी मी उठलो, उभा राहिलो, खिडकी जराशी उघडली, आळस दिला. कसलाच वास नाही. मग चपला शोधायला खाली वाकलो आणि वास आला. मुलीच्या बिछान्यापाशी. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि खालच्या फळीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर झोपायची. मी परत उभा राहिलो, तर वास जवळजवळ नाहीसा. परत वाकलो, तर आहेच.

तिला पांघरुणासकट उचलून बाहेर आणलं. पत्नीला हाक मारताना दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात मागे घेतला, तो हात मला अजून दिसतो. सिलिंडर बाहेरून बंद केला, सगळे दरवाजे उघडे टाकले आणि अर्धा तास कुणीही आत गेलं नाही. मग फेस लावला. शेगडीखालचा जोड होता. बुडबुडा इतका बारीक की तो फुगतोय हे कळायला श्वास रोखून बघावं लागलं. आट्यांचा पाव फेरा सैल झाला असेल, त्याहून जास्त नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुमचीच, दोन महिन्यांत एकदाही तपासलं नाही. बरोबर आहे, नाही तपासलं. पण माझा मूळ मुद्दाच तो आहे. घरातली शेगडी ओट्यावर स्थिर बसलेली असते. व्हॅनमधला प्रत्येक जोड रोज तासन् तास हादरे खात असतो, आणि त्या जोडाच्या पलीकडे माणसं दार-खिडक्या लावून झोपलेली असतात. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक होतं, पण गळती त्या कप्प्यात नव्हतीच. ती राहत्या जागेत होती.

इथे जरा आकडे देतो, कारण आकडे तुम्हाला आवडतात. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, ब्युटेन जवळपास दुप्पट. त्यामुळे गळलेला गॅस वर न जाता खाली बसतो आणि पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. समजा व्हॅनची जमीन पाच चौरस मीटर आहे. सगळी व्हॅन तेवढ्या प्रमाणात भरायला तीन-चारशे ग्रॅम गॅस लागेल आणि तोवर नाकाला नक्की कळेल. पण फक्त खालचा वीतभर थर तेवढा भरायला ३५-४० ग्रॅम पुरतात. दोन मुठीत मावतील इतके शेंगदाणे घ्या, तेवढं वजन. आणि त्या थरात माझी मुलगी झोपलेली होती. गॅसला वास यावा म्हणून मर्कॅप्टन मिसळतात ते ठीक, पण झोपलेल्या माणसाचं नाक त्याला उठवेलच याची खात्री कुणी देऊ नये. म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत लावायचा असतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, झोपताना डोकं असतं त्या उंचीच्या आसपास. कित्येक व्हॅनमध्ये मी एकच अलार्म पाहिला आहे, तोही छताला चिकटवलेला.

हे सगळं सांगितल्यावर ‘घाबरट’ हा शब्द तुम्ही कुणाला लावता याचा एकदा विचार करा. मला तो अपमान मुळीच वाटत नाही, पण तुम्ही तो अपमान म्हणून वापरलात. माझा राग त्यावर आहे. अशा एका शब्दामुळे नवीन माणूस लाजतो. फेस लावून बघायला लाजतो, अलार्म घ्यायला लाजतो, ‘मला जमेल की नाही’ असं विचारायला लाजतो. व्हॅनवाल्यांत ही मर्दुमकी फार बोकाळली आहे आणि तुमची प्रतिक्रिया तिचाच नमुना आहे.

शिवाय मी गॅसचा भित्रा आणि विजेचा आंधळा भक्त, असं चित्र तुम्ही रंगवलं आहे. लेख नीट वाचला असता तर दिसलं असतं. मी विजेलाही तितकाच घाबरतो. १५०० वॉटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं की केबलमधून १३० अँपिअर वाहतात. एवढ्या प्रवाहात एखाद्या जोडाला एक मिलिओहम इतका क्षुल्लक रोध जरी आला, तरी त्या एका ठिकाणी १७ वॉट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळ जाणारी, आणि तीही प्लायवूडच्या कप्प्यात. पहिल्याच महिन्यात माझ्या इन्व्हर्टरच्या एका लगचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीचं) आवरण वितळून चिकटलं होतं. तेव्हापासून स्वयंपाक झाला आणि इन्व्हर्टर बंद केला की मी कप्प्याचं दार उघडून चारही लगांच्या आवरणावर अंगठा ठेवून बघतो. रोज. भांडी विसळण्याआधी. कोमट ठीक, चटका बसला तर पाना. आणि बॅटरीच्या अगदी शेजारी योग्य क्षमतेचा फ्यूज, तो नसेल तर बाकी काहीही बसवू नये.

इंडक्शनचे दोषही मी लिहिले होते. स्वस्तातली बरीच इंडक्शन कमी आचेवर खरोखर कमी वीज घेत नाहीत. ५०० वॉटवर ठेवा, ती काही सेकंद हजार-बाराशे घेतात आणि काही सेकंद बंद पडतात. दूध तापवताना ते दिसतं: उसळी, शांत, उसळी, शांत. म्हणजे ‘मी मंद आचेवरच शिजवतो’ म्हणून लहान इन्व्हर्टर घेतला तर तो पहिल्याच उसळीला आडवा होणार. आणि शिशाच्या (लेड-ॲसिड) जुन्या बॅटरीवर हा खेळ करूच नये. एवढा प्रवाह ओढला की तिचे व्होल्ट कोसळतात आणि निम्मी भरलेली असतानाच इन्व्हर्टर बंद पडतो. यातलं काहीही मी लपवलेलं नाही.

एक किलो गॅस म्हणजे चार बॅटऱ्या, हे तुमचं गणित कागदावर जवळपास बरोबर. किलोभर गॅसमध्ये पावणेतेरा किलोवॉट-तास असतात आणि माझ्या २८० एएचच्या लिथियम बॅटरीत साडेतीन. पण मला जो न्याय लावलात तो स्वतःलाही लावा. उघड्या शेगडीवर निम्म्याच्या आसपास उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाऊ शकते. दोन्ही बाजूंची गळती धरली तर भांड्यात पोचणारा हिशेब दोन-अडीच बॅटऱ्यांवर येतो. तरी गॅसच पुढे आहे. ते मी नाकारलं नव्हतं आणि आजही नाकारत नाही.

ढगाळ दिवसांबद्दल फार लिहीत नाही. आमचा दिवसाचा स्वयंपाक हजार वॉट-तासांच्या आत बसतो, म्हणजे उन्हाचा एक थेंब न मिळता तीन दिवस निघतात. गाडी तासभर चालवली की अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) ३० अँपिअरच्या चार्जरने चारशेच्या आसपास वॉट-तास परत येतात. महिनाभर एकाच ठिकाणी झाडाखाली उभं राहणाऱ्यांनी माझं अनुकरण करू नये, हे पहिल्याच लेखात आहे. खर्चाबद्दलही आहे. परत वाचा.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही बोललाच नाहीत: पाणी. किलोभर गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. भांड्यातली वाफ दोन्हीकडे सारखीच, ही त्यावर वरकड. थंडीत खिडक्या लावून रात्रीचा स्वयंपाक केला की पहाटे छताच्या पत्र्यावरून थेंब उशीवर पडतात, फळ्यांच्या मागे बुरशी धरते. चार वर्षं आम्ही दर हिवाळ्यात गाद्या उलट्या करून पुसत होतो. इंडक्शन आल्यापासून हे खूप कमी झालं. आणि अगदी कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा डबा शून्याच्या खाली गॅस सोडायचंच थांबवतो, त्यासाठी प्रोपेन लागतो. हे तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला ठाऊक असणारच.

प्रामाणिकपणे सांगायचं म्हणून सांगतो: माझ्या गाडीत आजही गॅसच्या डब्यावर चालणारी एक छोटी शेगडी आहे. इन्व्हर्टर बिघडला तर उपाशी राहायचं नाही, म्हणून. ती गाडीबाहेर, उघड्यावर पेटवतो आणि डबा काढून मागच्या बाहेरच्या पेटीत ठेवतो. यावरून ‘शेवटी गॅसवरच आलात ना’ असं तुम्ही म्हणणार, तर खुशाल म्हणा. गॅस वाईट आहे असं मी कुठेच लिहिलेलं नाही. माणसं झोपतात त्याच बंद खोक्यात, हादरणाऱ्या जोडांवर तो मला नको आहे, एवढंच लिहिलं होतं.

तुम्ही म्हणता बारा वर्षं गॅस वापरताय आणि काही झालं नाही. चांगली गोष्ट आहे, मनापासून. मग आज एक करा. शेगडीच्या मागची नळी पुढे ओढा आणि तिच्यावर छापलेली तारीख वाचा. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर लावा आणि निदान मिनिटभर बघत बसा. अलार्म कुठल्या उंचीवर आहे तेही बघा. जे दिसेल ते इथे लिहा, या वेळी नावासकट. मुलगी आता बारा वर्षांची आहे, परवा तिनेच मला विचारलं की या काकांच्या गाडीत खाली कोण झोपतं.