रात्री साडेबाराला सूर्य कुठे असतो?

सूर्यावर मोठा डाग दिसल्याची बातमी आली की दोन दिवसांत तो मेसेज गोव्यातल्या ग्रुपांवर फिरायला लागतो. भजनी मंडळ, सोसायटी, माजी विद्यार्थी, एकही ग्रुप सुटत नाही. मजकूर थोडा इकडेतिकडे होतो, सांगाडा ठरलेला. सूर्यावर पृथ्वीच्या कित्येक पट मोठा डाग पडला असून त्याचं तोंड आपल्याकडे आहे, म्हणजे सौरवादळ आदळणारच. आज रात्री १२.३० ते ३.३० घातक कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जातील, मोबाइल बंद करून उशापासून दूर ठेवा. यंदाचा उकाडा या डागामुळेच. पुढे तीन दिवस अंधार. नासाने इशारा दिलाय, सरकार दडवतंय, सामान्य माणसाला हे कळायचा मार्गच नाही. आणि खात्री करायची असेल तर काचेला काजळी धरून सूर्याकडे बघा.

मार्ग नाही म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत मार्ग सांगायचा, हे पुढे ढकलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. असो. मी फोंड्यात राहतो, सौरडाग मोजायचा नाद आहे, आणि या मेसेजमधलं बरंचसं घरबसल्या तपासता येतं म्हणून हे लिहितोय.

वेळेपासून सुरुवात करू. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं; पणजी आहे ७३.८ अंशांच्या आसपास. त्यामुळे सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या बाराला नव्हे, साधारण साडेबाराला माथ्याच्या रेषेवर येतो. मे महिन्याच्या मध्यात तर जवळजवळ नेमका १२ वाजून ३१ मिनिटांनी. मग रात्री साडेबाराला तो कुठे असेल? क्षितिजाच्या सगळ्यात खाली, पृथ्वी मध्ये घेऊन. सौरज्वालेचे, म्हणजे सूर्यावरच्या अचानक स्फोटाचे, क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने, ८ मिनिटं २० सेकंदांत इथवर पोचतात, पण फक्त दिवस असलेल्या बाजूला. दगड आणि लोखंडाचा १२,७०० किलोमीटरचा गोळा भेदून ते कुडचड्यातल्या कोणाच्या उशाशी येणार नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने चोवीस तासांतली गोव्यासाठी सगळ्यात सुरक्षित वेळ शोधून तीच धोक्याची म्हणून दिली आहे.

मेसेजच्या बाजूने कोणी म्हणेल की वादळ ज्वालेहून वेगळं असतं आणि ते रात्रीही येतं. बरोबर. त्यासाठी कल्पना लढवायची गरज नाही, २०२४च्या मे महिन्याची नोंद आहे. १३६६४ क्रमांकाचा तो सक्रिय प्रदेश, म्हणजे डागांचा गट, पृथ्वीच्या सुमारे १५ पट रुंद होता. ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय दिसत होता. १० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी त्या प्रदेशातून एक्स ३.९ ची ज्वाला निघाली. गोव्यात सूर्य तेव्हा डोक्यावर होता. ज्वालांचे वर्ग ए, बी, सी, एम, एक्स असे चढते, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. एक्स म्हणजे सगळ्यात वरचा. पुढे त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास आधीच्या उद्रेकांत सूर्यातून सुटलेले द्रव्याचे ढग पृथ्वीवर येऊन आदळले आणि पहाटेपर्यंत भूचुंबकीय वादळ जी-५ या सगळ्यात वरच्या दर्जाला पोचलं. २००३नंतर त्या दर्जाचं पहिलंच. लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेवरून तांबडं आकाश दिसलं. अमेरिकेत उपग्रहांवर चालणारे शेतीचे ट्रॅक्टर भरकटले, स्टारलिंकची सेवा मंदावली. गोव्यात सोनं घेऊन घरी आलेल्या लोकांचे मोबाइल मात्र उशाशी चार्जिंगला होते आणि सकाळी गजर वेळेवर वाजला. याहून मोठी परीक्षा सध्याच्या सौरचक्रात झालेली नाही.

मोबाइलचं न बिघडण्याचं कारणही साधं. तो बोलतो चार-दोन किलोमीटरवरच्या टॉवरशी, शेकडो ते हजारो मेगाहर्ट्झवर, आणि त्या वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग, येतच नाही. ज्वालेचा खरा फटका बसतो एचएफ रेडिओला, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झवर, कारण त्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूर जातात. किनाऱ्यापासून लांब, अरबी समुद्रावरून जाणारी विमानं आणि हॅम रेडिओवाले यांना तो दिवसाउजेडी जाणवतो.

आता माझ्या आवडीचा भाग. ज्वाला येऊन गेली की नाही हे गोव्यातून पाहायला ना उपग्रह लागतो ना नासा. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं अतिशय कमी कंप्रतेचं प्रक्षेपण केंद्र आहे, पाणबुड्यांसाठी. त्याचा १८.२ किलोहर्ट्झचा संकेत गोव्यापर्यंत आठ-नऊशे किलोमीटर येतो तो जमीन आणि आयनांबराचा सगळ्यात खालचा, ६० ते ९० किलोमीटरवरचा डी थर यांच्या मधून. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळायचं, लहानसा प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) जोडायचा आणि टोक कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात. कार्ड सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारं असलं तरी पुरे, कारण १८.२ किलोहर्ट्झ त्याच्या आवाक्यात येतं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दिवसभर संकेताची ताकद रेघेने काढत राहतं. सौरज्वालेचे क्ष-किरण आले की डी थर अचानक दाट होतो, आणि रेघ एका झटक्यात वर उडते किंवा खाली पडते, मग अर्ध्या-एक तासात सावकाश मूळपदावर येते. आकार हुबेहूब मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, पाठीवरच्या परासारखा, एक बाजू उभी, दुसरी उतरती. कसला संकेत सुटतोय याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. त्याची ताकद तेवढी मोजायची.

तारेचं वेटोळं इन्व्हर्टर आणि एलईडी ट्यूबपासून दूर ठेवावं लागतं, नाहीतर सूर्याऐवजी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराचा आलेख मिळतो. मे महिन्यातल्या संध्याकाळी सह्याद्रीवर विजा चमकू लागल्या की रेघेला काटेच काटे फुटतात. पण पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर सूर्याचं दर्शन दुर्मीळ असताना, ही रेघ ढगांआडूनही चालू राहते. रात्री मात्र डी थर विरतो, रेघ वेडीवाकडी होते आणि ज्वाला टिपायचं काम बंद. त्याच प्रदेशाने १४ मे २०२४ला एक्स ८.७ ची आणखी मोठी ज्वाला फेकली, तेव्हा भारतात रात्रीचे १० वाजून २१ मिनिटं झाले होते. गोव्यातल्या कुठल्याही वेटोळ्याला तिचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. मेसेजमधल्या साडेबाराचा निकाल लावायला ही एवढी गोष्ट पुरेशी आहे.

तोंड आपल्याकडे म्हणजे धडक नक्की, हा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे म्हणून त्यावर जरा थांबतो. सूर्य पृथ्वीवरून पाहताना सुमारे २७ दिवसांत एक फेरा घेतो, तेव्हा प्रत्येक टिकाऊ डागाचं तोंड दोनेक आठवडे आपल्याच बाजूला असतं. त्यात विशेष काही नाही. ज्वाला हा प्रकाशाचा लोट; वादळ आणतो तो सीएमई, म्हणजे सूर्याच्या किरीटातून, बाहेरच्या वातावरणातून, सुटलेला चुंबकीय क्षेत्रासकट द्रव्याचा ढग, आणि तो प्रत्येक ज्वालेबरोबर सुटतोच असं नाही. २०१४च्या दिवाळीत, वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहत होते त्या आठवड्यात, १२१९२ क्रमांकाचा डाग सूर्याच्या मध्यावर होता. त्या सौरचक्रातला सगळ्यात मोठा. त्याने एक्स वर्गाच्या सहा ज्वाला दिल्या आणि पृथ्वीकडे नाव घेण्यासारखा ढग एकही पाठवला नाही.

ढग निघाला तरी त्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असेल तरच पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची जुळणी होऊन मोठं वादळ होतं, उत्तरेकडे असेल तर बराचसा जोर वाया जातो. ही दिशा आधीपासून सांगता येत नाही. ती मोजली जाते पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी, जिथे ६ जानेवारी २०२४पासून आपलं आदित्य-एल१ही आहे, आणि तिथून पृथ्वी गाठायला ढगाला तासभर किंवा त्याहून कमी वेळ लागतो. ज्यांचं हे रोजचं काम आहे ते येण्याच्या वेळेत कित्येक तासांचं अंतर धरून अंदाज देतात. साडेबारा ते साडेतीन असं एसटीच्या वेळापत्रकासारखं कोणी दिलं, तर ते वाचूनच बाजूला ठेवावं.

कॉस्मिक किरणांचं तर उलटंच आहे. ते मुख्यतः आकाशगंगेतून सतत येतात, आणि सीएमईचा ढग पृथ्वीवरून जाताना त्यांना अडवतो, त्यामुळे जमिनीवरच्या मोजणीत ते काही काळ घटतात. सूर्याकडून येणारे वेगवान कण ध्रुवांकडे जास्त पोचतात. भारताच्या दक्षिण भागावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडकाठी जगात सगळ्यात कडक भागांपैकी आहे.

उकाड्याचं कारण ३ मेच्या आसपास गोव्यात काठी उभी करून बघावं: भरदुपारी तिची सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर माथ्यावर आणि समुद्राची दमट हवा, दोन्ही दरवर्षी. सौरचक्राच्या तळापासून माथ्यापर्यंत सूर्याच्या एकूण तेजात फरक पडतो सुमारे ०.१ टक्का, आणि मोठा डाग समोर असताना ते तेज किंचित कमीच होतं. तीन दिवसांच्या अंधाराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मेसेजमध्ये खरं असं एक आहे: सौरवादळ नुकसान करू शकतं. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्युबेकची वीज गेली, सुमारे ९ तास, ६० लाख लोकांची. फेब्रुवारी २०२२मध्ये तर साध्या वादळाने वरचं वातावरण फुगवलं आणि स्टारलिंकने नुकत्याच सोडलेल्या ४९पैकी ३८ उपग्रहांचा बळी गेला. त्याची तयारी वीजमंडळांनी आणि उपग्रह चालवणाऱ्यांनी करायची असते.

आणि दडवादडवी? क्ष-किरण मोजणारे गोज उपग्रह नासाचे नव्हे, अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे. त्यांचा आलेख काही मिनिटांच्या अंतराने सगळ्या जगाला खुला असतो. कोडाईकनालची वेधशाळा शतकाहून जास्त काळ सूर्याची छायाचित्रं घेतेय. २ सप्टेंबर १८५९च्या महावादळात चुंबकीय क्षेत्र किती कोसळलं याची सगळ्यात महत्त्वाची नोंदही कुलाब्याची, मुंबईची. ट्रामची वीज यंत्रांना त्रास देईल म्हणून ते काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं आणि तिथे ते आजही चालतं. हौशी माणसांचा वाटा तर याहून जुना. डागांचं चक्र १८४३मध्ये जाहीर करणारा श्वाबे औषधविक्रेता होता. रुडॉल्फ वोल्फने त्यानंतर दिलेला हिशोब अजून तसाच आहे: प्रत्येक गटाचे दहा, प्रत्येक डागाचा एक, आणि बेरजेला निरीक्षक व दुर्बीण यांच्यानुसार एक गुणक. ब्रुसेल्सला जगभरातून अशा मोजण्या जमा होतात, त्यात हौशी निरीक्षक बरेच आहेत. अर्थात घरगुती दुर्बिणीतून दिसतात ते डाग. ज्वाला पाहायची तर बहुतेक वेळा हायड्रोजन-अल्फाचं महागडं फिल्टर लागतं, आणि भाकीत तर त्यानेही करता येत नाही.

अख्ख्या मेसेजमध्ये खरोखर घातक ओळ एकच, काजळीच्या काचेची. काजळी उजेड कमी करते, पण अवरक्त किरणांना भरवशाने अडवत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे तो भाजतानाही समजत नाही. क्ष-किरणाची जुनी फिल्म, दोन गॉगल एकावर एक, हेही त्याच माळेतलं. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी ठीक, दुर्बिणीला डोळा लावताना तोही घालायचा नाही. दुर्बिणीला सौरफिल्टर लावायचं ते पुढच्या भिंगावर, डोळ्याकडच्या टोकाला कधीच नाही.

त्याहून सोपं म्हणजे प्रतिमा कागदावर पाडणं. १ सप्टेंबर १८५९ला कॅरिंग्टनने पहिली सौरज्वाला पाहिली तीही अशीच, पडद्यावर पाडलेल्या प्रतिमेत. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीचं एक भिंग झाकायचं, ती स्टँडवर घट्ट बसवायची, सावली बघून सूर्याकडे वळवायची, तिच्यातून बघत नव्हे. मागे हातभरावर पांढरा पुठ्ठा. प्लास्टिकचं नेत्रभिंग वितळू शकतं, म्हणून मिनिटभर पाहून वळवून ठेवायची, आणि मुलं असतील तर क्षणभरही एकटी सोडायची नाही. गोव्यात सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ बरी, जमीन तापून हवा थरथरायच्या आधीची. पुठ्ठ्यावर आधीच वर्तुळ काढून ठेवलं तर डाग पेन्सिलीने तिथेच उतरवता येतात. तारीख आणि वेळ बाजूला. दुसऱ्या दिवशी तेच डाग सुमारे १३ अंश सरकलेले असतात. मेसेजबरोबर फिरणारा फोटो बहुधा काही वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी डागाचा असतो, आणि तसं असेल तर पुठ्ठ्यावरच्या वर्तुळात तो सापडत नाही.