सड्यावरचा वारा आणि आबा

ताडपत्रीला माझी एकही गोळी लागली नाही, ही बातमी वाडीतल्या दुकानात माझ्याआधी पोचली होती. साखर बांधता बांधता दुकानदार म्हणाला, "ताडपत्री परत करूची आसा काय? एकदम कोरी आसा म्हणतत." शेजारी उभ्या असलेल्या काकीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. गेल्या मोसमात ह्याच काकींच्या वाफ्यातली डुकरं मी मध्यरात्री उठून बार काढून पळवली होती. असो.

बंदूक आजोबांची, ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिच्याकडून कोणी नेमाची अपेक्षा करत नाही. मोठा आवाज झाला की तिचं काम संपलं. पण जगात अशीही माणसं आहेत, जी तोंडाकडून भरायच्या रायफलीने हजार यार्डांवरचं, म्हणजे नऊशे मीटरहूनही लांबचं निशाण टिपतात, हे मी वाचलं आणि बिघडलो. ते लोक शिशात थोडं कथील घालून स्वतः साच्यात लांबट गोळ्या ओततात, त्यांना कागद गुंडाळतात, आणि वारा बघत तासन् तास पडून राहतात. त्यांच्या नळीला आतून पीळ असतो. माझी नळी आतून सपाट आणि गोळी वाटोळी. वाटोळ्या गोळीचा वेग लवकर मरतो आणि वारा तिला हवी तिकडे नेतो. म्हणून मी हजारावरचं एक शून्य आधीच काढून टाकलं. सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, जुन्या चिरेखाणीच्या उभ्या भिंतीपुढे ताडपत्री बांधली, तिच्यावर चुन्याने गोल काढला, शंभर पावलं मोजली, काठीला तांबडी चिंधी लावली. सगळं शास्त्रशुद्ध होतं. आबा तेवढे शास्त्रात नव्हते.

आबा म्हणजे निवृत्त तांडेल, मासेमारी होडीचे म्होरके. बैल शोधायला आले होते. बैल राहिला बाजूला, ते माझ्या मागे एका चिऱ्यावर बसले आणि विडी काढली.

"आबानू, दारू उघडी आसा. विडी नको."

विडी कानावर गेली. हा अपमान त्यांनी शेवटपर्यंत वसूल केला.

"खय मारतंस?"

"त्या ताडपत्रीवर."

"कित्या? तिना काय केल्यान?"

मी उत्तर दिलं नाही. मापाने दारू ओतली, गोळी बसवली, गजाने ठासली, दारू पेटवणारी टिकली, म्हणजे केप, लावली.

"वारो बघलंस?"

मी चिंधीकडे बोट दाखवलं.

"ह्यो हयचो वारो. थयचो कोण बघतलो?"

आता हा प्रश्न अडाणी नाही, हीच तर चीड आहे. मी त्यांना नीट समजावलं, की नळीजवळचा वारा जास्त घात करतो, कारण सुरुवातीलाच गोळी जराशी वळली की पुढे अंतराबरोबर ती फारकत वाढतच जाते.

आबांनी विचार केला. "मगे थयचो वारो काय करता? भजन?"

मी चाप ओढला. काळ्या दारूचा धूर पांढरा असतो. वारा कुठला, किती, हे तो बिनचूक सांगतो, फक्त गोळी गेल्यावर. धूर सरला तेव्हा चिरेखाणीच्या भिंतीवरून लाल धूळ उतरत होती.

"खाणीक लागली," आबा म्हणाले.

पुढे हेच. मी बार काढायचा, धूर निघून जायचा, "खाणीक लागली." मध्येच "उजव्याक" किंवा "डाव्याक" एवढीच भर. शेवटी त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "मतलई पडलो आता. खारो अजून येवक नाय. मधी वारो वायच दम घेता, तेच्यात मार." सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई, दुपारकडे समुद्राकडून खारा, आणि पालटाच्या वेळी घटकाभर सगळं गप्प, हे मीही शाळेत शिकलोय. चिंधी खरंच काठीला चिकटून लोंबत होती. पण ठासणीच्या बंदुकीला वाऱ्याची वेळ कळत नाही. दारू, गोळी, गज, केप. वारा दम घेत होता तेव्हा मी गज ठासत होतो. बंदूक खांद्याला लागली आणि पोफळीच्या झावळ्यांतून खारा आला.

"ग्येलो," आबा म्हणाले. वाऱ्याबद्दल असावं.

तेव्हा मी मुद्दाम, त्यांना गप्प करायला, 1874 सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत क्रीडमूरच्या नेमबाजीच्या मैदानावर आयर्लंडचा संघ ठासणीच्या रायफली घेऊन उतरला होता. समोर अमेरिकन, मागून भरायच्या रायफलीवाले. आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. आयर्लंडच्या मिल्नरने गोळी थेट निशाणाच्या मध्यावर घातली, पण निशाण शेजारचं! गुण शून्य. सामना गेला 934 विरुद्ध 931, तीन गुणांनी. एवढी मोठी माणसं, आबानू, तिथे असं होतं.

आबा बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, पोचलं.

"म्हणजे तेका निदान कायतरी लागला."

दुकानात हे वाक्य आबांच्या नावावर आता सुभाषित झालंय.

ह्या सगळ्यात आपल्या हवेचा एक फायदा कोणी मोजत नाही. काळी दारू जळली की नळीत काजळी बसते. कोरड्या मुलखात ती चुन्याच्या थरासारखी कडक होते, आणि तिथले नेमबाज प्रत्येक बारानंतर फुंकणीने आत फुंकर मारून तोंडाच्या वाफेने ती मऊ करतात. आपल्याला फुंकायची गरज नाही. इथली हवाच ओली आहे. पण हीच हवा लोखंड खाते. आणि निवडणूक लागली, की बंदूक ठाण्यात जमा. तिथे ती ओळीने उभी राहते, तिला कोण तेल लावणार? परत मिळते तेव्हा नळीवर तांबेरा. त्याबद्दल विचारलं तर सही कुठे करायची ते दाखवतात. बंदूक तिकडे असताना डुकरं इकडे नाचणी लोळवतात. नुकसानभरपाईला अर्ज, पंचनामा, फोटो, सातबारा. फोटोत डुक्कर नाही म्हणून एक साहेब माझ्याकडे संशयाने बघत होते. डुकराला मी थांबवून ठेवायला हवं होतं.

आता पुन्हा निवडणुकीचं वारं आहे. बंदूक जमा करा म्हणून निरोप आलाय. ती मी नेऊन देईन, पावती घेईन. आबांना मात्र आचारसंहिता लागू होत नाही.