गेम खेळणाऱ्या सर्जनचा दाखला कितपत टिकतो?

‘व्हिडिओ गेम खेळणारे सर्जन ३७ टक्के कमी चुका करतात, गेममुळे एकाग्रता वाढते, एक मुलगा तर गेम खेळून खरा रेसिंग ड्रायव्हर झाला, तेव्हा मुलांना खुशाल खेळू द्या,’ असा मजकूर पालकांच्या गटांवर सतत फिरत असतो. तिन्ही दाखले हवेतले नाहीत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष त्यांना पेलत नाही.

सर्जनचा आकडा जेम्स रॉसर आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासातला आहे. त्यात डॉक्टर होते अवघे ३३, आणि चुका मोजल्या त्या रुग्णावर नव्हे, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावासाठी आखलेल्या कसरतींत. पडद्याकडे पाहत लांब दांडीच्या चिमट्याने टाका घालणे हे काम गेमच्या इतके जवळचे आहे, की तिथे सरावलेला हात उपयोगी पडला तर नवल नाही. मात्र ज्यांचा हात मुळातच चपळ होता तेच गेमकडे वळले असतील, ही शक्यता अशा तुलनेतून दूर होत नाही. शिवाय त्यातले ‘खेळणारे’ म्हणजे आठवड्याला ३ तासांहून अधिक खेळलेले. आठवड्याला, दिवसाला नव्हे.

एकाग्रतेचा दावा ग्रीन आणि बॅव्हेलिये यांच्या २००३ सालच्या संशोधनावर उभा आहे. मारधाडीच्या गेमच्या सरावाने नजरेने टिपण्याची क्षमता सुधारल्याचे त्यांना आढळले होते. अभ्यासाला बसण्याची चिकाटी ही वेगळी गोष्ट आहे, आणि २०१८ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा इतर बौद्धिक क्षमतांवरचा परिणाम नगण्य निघाला.

राहिला तो रेसिंग ड्रायव्हर झालेला मुलगा, यान मार्डनबरो. ‘ग्रान टुरिस्मो’ हा मोटारशर्यतीचा गेम खेळणाऱ्या हजारो स्पर्धकांतून तो २०११ मध्ये निवडला गेला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसऱ्या क्रमांकाच्या संघात होता. म्हणजे गेमने चाळणीचे काम केले. पुढे खऱ्या ट्रॅकवरचे प्रशिक्षण आणि ती निवडस्पर्धा भरवणाऱ्या निस्सानचा पैसा होता. त्या चाळणीतून खाली पडलेल्यांविषयी फॉरवर्डमध्ये एक ओळही नसते.

माझा भाचा मोबाइलवरच्या मोटारशर्यतीत तरबेज आहे. पहिल्यांदा खरी गाडी हाती घेतली तेव्हा वळणावर नजर लांब ठेवणे त्याला न सांगता जमले, हे मान्य करायला हवे. चढावर मात्र अर्धा क्लच धरताना गाडीने आचके दिले, ती बंद पडली आणि मागे सरकू लागली, तेव्हा त्याचे दोन्ही अंगठे स्टिअरिंगवर बटणे शोधत होते.