गुडघ्यातलं पाणी आणि ‘वंगण’

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला: ‘आमवातात गुडघ्यातलं पाणी काढू देऊ नका. ते वंगण आहे. एकदा काढलं की सारखं काढावं लागतं. आजार किती वाढलाय ते आरए फॅक्टरवरून कळतंच.’ (आमवात म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, आरए; आरए फॅक्टर ही त्यासाठीची रक्ततपासणी.) पॅथॉलॉजी लॅबमध्ये गुडघ्यातलं हे पाणी माझ्या हाताखालून जातं, म्हणून लिहिते.

आधी वंगण. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम ४ मिलिलीटर, चमचाभरही नाही. सुईच्या टोकावरून थेंब सोडला की एकतारी पाकासारखी तार येते, आणि ट्यूबमागे धरलेला पेपर वाचता येतो. आमवाताने सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी गढूळ असतं, तार धरत नाही, टपटप गळतं. कारण तार देणारं हायलुरॉनिक ॲसिड पातळ झालेलं, तुटलेलं असतं. निरोगी पाण्यात घनमिलिमीटरमागे पांढऱ्या पेशी २०० च्या आत. इथे बहुतेकदा २,००० ते ५०,०००, त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, म्हणजे सूज आली की धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. याच पेशींची एन्झाइम हाडांच्या टोकांवरची कूर्चा खातात. असलं वंगण जपायचं कशाला?

पाणी पुन्हा भरतं, हे खरं. पण ते सुईमुळे नाही, सांध्याच्या अस्तराची सूज शमली नाही म्हणून. नळ चालू ठेवून बादली उपसली तर ती भरणारच.

आरए फॅक्टर निदानाच्या कामाचा. तो निगेटिव्ह असूनही आमवात असतो, पॉझिटिव्ह असूनही नसतो. आजाराचा जोर ठरवायला डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात, त्यात ईएसआर किंवा सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि पेशंटला स्वतःला कसं वाटतं ते धरतात. हा झाला ‘डास २८’: ५.१ च्या वर जोर जास्त, २.६ च्या खाली आजार शांत. नुसता जोर मोजायला दर वेळी सुई लागत नाही, एवढं त्या मेसेजला देऊन टाकू.

पण एकच गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला, तर? आमवाताच्या पेशंटला सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका जास्त, स्टेरॉइड चालू असेल तर आणखी. पेशींच्या आकड्यावरून आमवाताची सूज आणि जंतुसंसर्ग यांत दर वेळी फरक करता येत नाही, कल्चरच (पाण्यातले जंतू वाढवून बघणं) लागतं. ‘आमवातच उठला असेल’ म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी ते पाणी आमच्याकडे पोचलं पाहिजे.