जामीन कोण राहणार?

काल कट्ट्यावर विषय निघाला तो त्या गॅरेजवाल्या पोराचा. जामीन होऊन दीड महिना झाला, पोरगं अजून आतच.

"जामीन झाला म्हणजे सुटला ना?" बापूंनी विचारलं. त्यांचा जन्म सरकारी टेबलामागे गेला. कागदावर झालं म्हणजे झालंच, असं त्यांना मनापासून वाटतं.

शिरीष वकील, रोज कोर्टात उभा राहतो. "पंधरा हजारांचा जामीनदार हवा, बापू. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती असलेला. बालगृहात वाढलेल्या पोरानं तो कुठून आणायचा?"

"अठरा वर्षं सरकारनं पोसलंच की! अजून किती?"

"तुमचा पिंट्या सव्वीसचा आहे. परवा त्याचा रिचार्ज कोणी मारला?"

मक्या फुटला. बापू चष्मा पुसायला लागले.

शिरीष थांबला नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 46 काढलं. संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला अठरानंतर मदत 'देता येईल'. 'द्यावीच' असं नाही. नियमांत अनुरक्षण, म्हणजे बाहेर पडल्यानंतरचा आधार, एकविसापर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4000 रुपये. "हा एकोणीसचा. म्हणजे नियमानं अजून सरकारचाच. पण आत गेला आणि सगळ्यांनी वही मिटली. मुलाखतीला कोणी नाही, मनीऑर्डर नाही, साबणसुद्धा दुसऱ्याकडून मागतो."

मला ते लागलं. पूर्वी मी एका बालगृहात रविवारी गणित शिकवायला जायचो. अठरा झालेल्या पोरांना निरोपाला एक बॅग मिळायची. ती घेऊन ती कुठं गेली, हे मीही कधी विचारलं नाही.

"वाट काय मग?"

"सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलंय, महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करायची का, हे कोर्टाला आपणहून बघता येतं. खटला संपायचाय अशा गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी मदतीची केंद्राची योजनाही आहे. पण अर्ज हलवायला बाहेर माणूस लागतो. 1978 ची मोतीराम गवंड्याची केस घ्या. भाऊ जामीन राहायला तयार, पण परजिल्ह्यातला म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर, त्यांनी हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर सोडलं. त्याला निदान भाऊ तरी होता."

कोणी बोलेना. मग मक्याच म्हणाला, "बापू, तुमची पावती आहे की. राहा जामीन."

बापू उसळले. "मेहुण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला राहिलो होतो! तीन वर्षं पगारातून कापून गेले. आणि दुसरा जामीनदार कोण होता? तू! सहीच्या दिवशी शिर्डीला पळालास!"

"नवस होता, बापू."

"सहीच्याच दिवशी?"

"बाबांनी बोलावलं, जावं लागतं."

चहावाल्यासकट सगळे हसत सुटले. सोमवारच्या तारखेचं बोलायचं राहूनच गेलं.

घरी येऊन मी घरपट्टीची पावती शोधली. चालू वर्षाची आहे.