‘ऐकू येतं पण लक्षात राहत नाही’ : आधी कानाकडे बघा

घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा : ‘साठीनंतर ऐकू येतं, पण मेंदू थकलेला असतो म्हणून लक्षात राहत नाही. “आवाज येतो, शब्द कळत नाहीत” हे सोंग आहे. कामाचं असलं की बरोबर ऐकतात. अशांशी मोठ्याने बोलावं. कानाला यंत्र लावू नये, कान आळशी होतो. सांगितलेलं विसरायला लागले की डिमेन्शिया समजावा.’ एकेक विधान घेऊ.

‘सोंग आहे’

वयाने ऐकणं सगळ्या सुरांत सारखं कमी होत नाही. आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या तोंडाशी उंच सूर टिपणाऱ्या केसपेशी असतात. त्या आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात; स, श, त, थ, फ ही व्यंजनं उंच पट्टीतली आणि दुबळी. ‘स’चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणून सून बोलतेय हे कळतं, ती चिडलीय हेही कळतं, पण सात म्हणाली, साठ म्हणाली की आठ, ते कळत नाही.

‘कामाचं तेवढं ऐकतात’ यालाही साधं कारण आहे. शांत खोलीत, समोर बसून, ओळखीच्या विषयावर बोललेलं समजतं, कारण ओठ दिसतात आणि गाळलेल्या जागा संदर्भाने भरता येतात. तेच स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवरून ओरडून सांगितलं तर नाही समजत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो; घरात तो एवढा उतरत नाही, पण फरशी आणि उघड्या भिंतींमुळे घुमतो.

‘मोठ्याने बोला’

ओरडल्यावर स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी नाहीत. म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेच वाढतं. शिवाय केसपेशी गेल्या की आवाज सोसण्याची पट्टी आखडते : ऐकू यायला ५० डेसिबल लागतात, पण कान दुखायला लागण्याची पातळी होती तिथेच राहते. ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारे आजोबा पुढच्याच वाक्याला ‘ओरडतोस कशाला’ म्हणतात, त्यात विक्षिप्तपणा काही नाही. एक-दीड मीटरवर या, उजेड आपल्या तोंडावर पडू द्या, टीव्ही बंद करा आणि जरा सावकाश बोला.

‘ऐकू येतं, लक्षात राहत नाही’

मजकुरातलं हे सगळ्यांत पटणारं आणि सगळ्यांत दिशाभूल करणारं वाक्य. १९६८ साली मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी लोकांना आकड्यांच्या याद्या ऐकवल्या. यादीचा दुसरा अर्धा भाग गोंगाटात ऐकवला, की पहिल्या, स्वच्छ ऐकलेल्या भागातलेही आकडे कमी आठवत. २००५ मध्ये आर्थर विंगफील्ड यांच्या गटाने वयस्कर लोकांना एकामागून एक शब्द ऐकवून मध्येच थांबवलं आणि शेवटचे तीन विचारले. कमी ऐकू येणाऱ्यांनाही शेवटचा शब्द जवळपास अचूक सांगता आला, म्हणजे शब्द ओळखता येत होते. मागचे दोन मात्र त्यांना चांगलं ऐकू येणाऱ्यांपेक्षा कमी आठवले. शब्द ओळखण्यातच इतकं लक्ष खर्ची पडतं, की तो साठवायला उरत नाही.

घरात हे असं होतं. ‘उद्या साडेआठला उपाशीपोटी रक्त द्यायला जायचंय, रिक्षा सांगितलीय, मागचा रिपोर्ट पिशवीत ठेवा.’ ऐकणारा ‘उपाशीपोटी’ जुळवत असतो तोवर रिक्षा निघून गेलेली असते. हेच असं सांगा : ‘उद्याच्या रक्त तपासणीचं सांगतोय.’ थांबा. ‘साडेआठला जायचं, उपाशीपोटी.’ थांबा. ‘रिपोर्ट पिशवीत ठेवा.’ थांबायचं ते वाक्याच्या सांध्यावर. शब्दाशब्दाला तोडून बोललं की उलट घोटाळा होतो. मग ‘कळलं ना?’ विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘किती वाजता निघायचं?’ असं विचारा. वेळ आणि औषधाची मात्रा कागदावर लिहून द्या.

‘यंत्राने कान आळशी होतो’

होत नाही. ऑडिओग्राम (कोणता सूर किती मोठा असला की ऐकू येतो, त्याचा आलेख) काढून, ज्या सुरात जेवढी घट तेवढीच वाढ, आणि कमाल आवाजाला मर्यादा, असं बसवलेलं यंत्र कान बिघडवत नाही. तक्रार येते ती बहुधा सगळेच आवाज सारखे वाढवणाऱ्या स्वस्त डबीची. मिक्सर दणाणतो, बोलणं तसंच राहतं, आणि आठवड्यात ती कपाटात जाते. चांगल्या यंत्राचीही सवय व्हावी लागते : पहिले काही दिवस शांत घरात दोन-तीन तास, मग वाढवत जाऊन महिना-दीड महिन्यात दिवसभर. शिट्टी वाजली तर कानात मळ आहे किंवा यंत्राचं टोक सैल बसलंय. आवाज मंद झाला तर आधी यंत्राच्या टोकावरची मळ अडवणारी जाळी बदला. यंत्राच्या झिंक-एअर सेलचा (हवेवर चालणाऱ्या छोट्या बॅटरीचा) स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायलाच हवं. मुंबईत तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहे.

‘विसरतात म्हणजे डिमेन्शिया’

स्मृतीच्या नेहमीच्या चाचण्यांत बरंचसं तोंडी असतं : शब्द ऐका, पाच मिनिटांनी सांगा. जे नीट ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? म्हणून आधी कानातला मळ, मग ऑडिओग्राम, आणि ऐकण्याची सोय करून मगच स्मृतीची चाचणी.

उलट टोकाचा दावाही फिरतो : यंत्र लावा, डिमेन्शिया टळेल. तोही जपून घ्यावा. कमी ऐकू येणं आणि डिमेन्शिया यांचा संबंध दिसतो, २०११ च्या बाल्टिमोरमधल्या अभ्यासात तो ठळक होता. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ९७७ ज्येष्ठांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत, एकूण गट धरला तर, यंत्र दिलेल्या आणि न दिलेल्यांच्या बौद्धिक घसरणीत फरक दिसला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या उपगटात मात्र यंत्र दिलेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. यंत्र घ्यावं ते आजचं बोलणं कळावं म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे.

‘साठीनंतर चालायचंच’ या समजुतीचा एक धोका वेगळा सांगायला हवा. वयामुळे ऐकणं दोन्ही कानांत, वर्षानुवर्षं, हळूहळू कमी होतं. एकाच कानाने तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ते वय नव्हे. कानात तेल घालून वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितका लवकर तितका बरा.