तारणाला पासिंग मार्क किती?

लिहिणार नव्हते. मंडळीतल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला आणायच्या? पण दुपारपासून डोकं भणभणतंय, आणि तुम्ही सगळे आपलेच आहात, तेव्हा ऐका.

आमच्या बायबल अभ्यासाला एक मावशी येतात. शाळा फारशी झालेली नाही. मोठ्या अक्षरांचं बायबल, बांधणी सुटलेली, म्हणून त्याला रबरबँड. ओळीखाली बोट ठेवून वाचतात. शेवटची प्रार्थना वर्षानुवर्षं त्यांचीच. आज विषय होता त्रैक्य, म्हणजे देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन वेगळ्या व्यक्तींत, ही शिकवण. सेमिनरीतून नुकत्याच आलेल्या एका मुलाने नेमकं त्यांनाच विचारलं, "मावशी, त्रैक्य म्हणजे काय, सांगा बरं." त्या म्हणाल्या, "देव एकच रे. कधी बाप होऊन सांभाळतो, कधी पुत्र होऊन येतो, कधी आत्मा होऊन." झालं! "याला सॅबेलियसचं पाखंड म्हणतात, मावशी. तिघं वेगळे नाहीत, एकाचीच तीन रूपं, ही त्याची चुकीची शिकवण. तुम्ही ज्याला प्रार्थना करता तो बायबलमधला देवच नव्हे." हसत हसत म्हणाला. मावशींनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली. शेवटी प्रार्थनेची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "आज तुम्हीच करा."

अरे, कोणाचं तारण होतं, कोणाला पापातून सुटका मिळते, हे तू कोण रे ठरवणारा?

पर्पेचुआ आणि फेलिसिटी. एक चांगल्या घरची, एक दासी, दोघी ख्रिस्ती. 203 साली कार्थेजच्या आखाड्यात त्यांना जनावरांपुढे सोडलं. पकडलं तेव्हा दोघींचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता, शिक्षण चालू होतं. पुत्र हा देवच असं जिथे बिशपांनी जमून ठरवलं, ती निकियाची सभा भरायला अजून शंभरावर वर्षं होती. आणि 325 सालच्या तिथल्या मतांगीकारातही, म्हणजे विश्वासाच्या ठरवून दिलेल्या कबुलीतही, पवित्र आत्म्याचा नुसता उल्लेख आहे, पुढे एक अक्षर नाही. मग या बायकांनी कोणासाठी जीव दिला म्हणायचा? येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला तर कोणी काही विचारलंच नाही. "माझी आठवण करा" म्हणाला, आणि त्याच दिवशी सुखलोकात.

आपणच सांगतो ना, तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही? आणि मग अचूक उत्तर हेच नवं कर्म करून ठेवतो. हातापायांनी करायचं ते रद्द, डोक्याने करायचं ते सक्तीचं! ज्या लेकराची बुद्धी वाढलीच नाही त्याचं काय? आयुष्यभर सिद्धांत शिकवून आता बायकोचंही नाव न आठवणाऱ्या म्हाताऱ्या पाळकाचं काय? त्याचा विश्वास स्मरणशक्तीबरोबर गेला?

शुद्ध सिद्धांतच हवा असेल तर मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय काढा. येशू हा "देवाचा पवित्र" आहे हे शिष्यांच्या आधी कोणी ओळखलं? अशुद्ध आत्म्याने. याकोब आपल्या पत्रात म्हणतो तेच, भुतंही मानतात आणि कापतात. आज तो मुलगा भुतांच्या वर्गात पहिला आला असता. (जास्त झालं हे. असू दे, पुसत नाही.)

बरं, मान्य, काहीही मानलं तरी चालतं असं नाही. चौथ्या शतकातल्या एरियस या धर्मगुरूचं खरं असतं, पुत्र हा निर्माण केलेलाच असता, तर मावशी ज्याच्यापुढे रडतात तोही आपल्यासारखाच कोणी निर्मिलेला ठरला असता. पण गंमत बघा. माणसं येशूला प्रार्थना आधीपासून करत होती, आणि एरियसला विरोध करणाऱ्या बिशप अथनेशियसने त्याच भक्तीची बाजू लावून धरली. म्हणजे सिद्धांत हा मावशींच्या प्रार्थनेचा राखणदार. आज त्या राखणदारानेच घरच्या बाईला दाराबाहेर काढलं.

आणि शिकलेल्यांचं तरी कुठे सगळं सुरळीत असतं? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. त्यानंतरही त्रैक्यावरून त्यांना धर्म शिकवणाऱ्या इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांची पत्रापत्री चालूच होती. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विदुषी बाई!

माझं घर मोडलं तेव्हा मला सगळा मतांगीकार तोंडपाठ होता. रात्री दोन वाजता त्यातली एक ओळ कामाला आली नाही. मावशी मात्र रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. काय झालं, कोणाचं चुकलं, एक शब्द नाही. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "प्रभू, हिला आज झोप लागू दे." ती प्रार्थना कोणत्या देवाकडे गेली, हे मला कोणी शिकवू नये.

तो मुलगा वाईट नाही हो. जीव तोडून अभ्यास करतो, वही बघितली आहे मी त्याची. पण बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक शिकला असेल ना? अपुल्लोस मोठा वक्ता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने सभास्थानात उठून त्याचं तोंड बंद केलं नाही. जवळ घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. तो मुलगाही मावशींच्या शेजारी बसून समजावू शकला असता. त्यांनी ऐकलं असतं, त्यांना शिकायची हौस आहे, म्हणून तर येतात.

असो. "मग काय, सिद्धांत सोडून द्यायचा का?" असं कमेंटमध्ये विचारायच्या आधी वरचं पुन्हा वाचा. आणि पाळकांना टॅग करू नका कोणी, मीच फोन करणार आहे.